नत्थूजींचा जवळचा चष्मा

१

टॉवेलवर रक्त होतं.

पांढरा, जाडजूड, हॉटेलातल्यासारखा टॉवेल, आणि त्याच्यावर तपकिरी लाल ठिपके. एक नाही, दोन नाही, चांगले वीस-पंचवीस. दीप्ती गजभियेनं तो दोन बोटांनी उचलला.

"आणि हे पाहा मॅडम," जितेंद्र रेवतकर म्हणाला. पलंगाखाली हात घालून त्यानं प्लास्टिकच्या पट्ट्या ओढून काढल्या. बोटभर रुंद, वीतभर लांब, पांढऱ्या-निळ्या. "ह्याच्यानंच बाबांचे हात बांधले असतील. नाहीतर काहून राहतील ह्या पट्ट्या पलंगाखाली?"

दीप्तीनं एक पट्टी उलटसुलट करून पाहिली. तिला त्यातलं काय कळणार? तिचा धंदा लग्नाच्या चौकशांचा. मुलगा खरंच नोकरीला आहे का, मुलीचं आधी कुठं ठरून मोडलं का, सासूच्या तोंडाचा पट्टा किती चालतो, असली माहिती काढून द्यायची आणि अहवाल लिहून मोकळं व्हायचं. बारा वर्षांत तिनं कैक लग्नं मोडली होती, पण अहवालात खोटा शब्द म्हणून लिहिला नव्हता. मागल्या वर्षी या घरातल्या धाकट्याच्या, अंकितच्या स्थळाची चौकशी तिनंच केली होती. त्या ओळखीवर आज तिला बोलावलं होतं. रक्त मात्र तिच्या वाट्याला कधी आलं नव्हतं.

"पोलिसांत काहून नाही गेले तुम्ही?" तिनं विचारलं.

जितेंद्रनं दार लोटून घेतलं. नरखेड तालुक्यात रेवतकरांची चौदा एकर संत्र्याची बाग होती. दोन वर्षांपूर्वी तिच्यातून रस्ता गेला, सहा कोटी आले, आणि अख्खं घर शहरात, प्रतापनगरच्या या तीन मजली बंगल्यात राहायला आलं. मागं दोन एकर उरले होते. त्यांची रजिस्ट्री येत्या सोमवारी. जमीन बाबांच्या, म्हणजे नत्थूजींच्या नावावर, आणि नत्थूजी काल, गुरुवारी सकाळपासून बेपत्ता.

"बोभाटा झाला तर पार्टी पळून जाईल मॅडम. बाबांना लिहिता-वाचता येत नाही, अंगठाच देतात. माणूसच नाही तर रजिस्ट्री कशी होईल?"

"बाप नाहीसा झाला, टॉवेलवर रक्त आहे, आणि तुम्हाला रजिस्ट्रीचं पडलं आहे?" दीप्ती ताडकन बोलली. जितेंद्रनं मान खाली घातली, पण रजिस्ट्रीची तारीख काही मागे घेतली नाही.

टेबलावर नत्थूजींचा मोबाईल होता. शेजारी सोन्याची जाड अंगठी, गळ्यातला गोफ, नवं घड्याळ, चष्मा, सगळं नीट एका ओळीत.

"चोर हे सोडून जाईल का?" दीप्ती म्हणाली.

"तेच तर! बाहेरचा नाहीच तो." जितेंद्रनं आवाज खाली आणला. "घरचाच आहे. नाव घेऊ का?"

२

नाव त्यानं घेतलं. अंकित.

"धाकट्याला कॅफे टाकायचा आहे. बाबांनी नाही म्हटलं. बुधवारी वरून आवाज येत होता, मी ऐकला."

बुधवारी वर आवाज होता, हे अंकितलाही कबूल होतं. तो खालच्या दिवाणखान्यात सोफ्याच्या कडेवर बसून नखं खात होता. "मी भांडलो, हो, भांडलो. बापाशी भांडणार नाही तर कोणाशी भांडू? पण दादानं काय केलं ते सांगितलं का त्यानं? बाबांनी टेरेसवर कुंड्या लावल्या होत्या. काटेरी रोपं होती कसलीतरी, स्वतः बी टाकून वाढवलेली. मंगळवारी दादानं सगळ्या उचलून गेटबाहेर फेकल्या. लॉन लावायची म्हणे! बाबा एक शब्द बोलले नाहीत. नुसते पाहत राहिले. आणि दोन दिवसांनी गायब! तुम्हीच जोडा ना हिशोब."

"म्हणजे जितेंद्रनं काही केलं?"

"मी काही म्हणत नाही," अंकित म्हणाला, आणि म्हणायचं ते म्हणून झालं होतं.

सोनिका त्यांची बहीण. लग्न होऊन मानेवाड्याला दिलेली, काल धावत आलेली. ती आधी पाच मिनिटं नुसती रडली. रडणं खरं होतं, दीप्तीला ते कळायचं. मग डोळे पुसून म्हणाली, "मी फक्त माझा तिसरा हिस्सा मागितला होता ताई. बाबा देतो म्हणले होते. दादाला खपलं नाही. तो फोनवर कोणाले तरी म्हणत होता, 'म्हातारा आडवा येऊन राहिला.' ह्या कानांनी ऐकलं मी."

लग्नाच्या चौकशीत दीप्तीची एक रीत होती. माणसं तोंडानं दहा गोष्टी सांगतात आणि खरी गिळून टाकतात. म्हणून शेवटी ती प्रत्येकाच्या हातात कागदाची एक चिठ्ठी द्यायची. बोलता येत नसेल ते लिहा, घडी घाला, द्या. इथंही तिनं तिघांना तसंच केलं. प्रश्न एकच घातला, बाबांचं काय झालं असेल असं तुम्हाला मनापासून वाटतं?

तिघांनी पाठ फिरवून लिहिलं. कोणालाच फार वेळ लागला नाही.

गाडीत बसल्यावर तिनं घड्या उलगडल्या. जितेंद्रच्या चिठ्ठीवर लिहिलं होतं, अंकित. अंकितच्या, जितेंद्र. सोनिकाच्या, दादा.

तिघांचे मिळून तीनच शब्द! एका ताटात जेवलेली भावंडं ही, दोन वर्षांपूर्वी एकाच मोटारसायकलवर तिघं बसून यात्रेला जाणारी. आज एकमेकांना बापाचा खुनी ठरवायला एकेक शब्द पुरला त्यांना.

३

शनिवारी सकाळी ती पुन्हा बंगल्यावर गेली, ती कुसुमताईंना भेटायला. गुडघ्यांच्या ऑपरेशनपासून नत्थूजींच्या बायकोला जिना चढता येत नव्हता, म्हणून तिची खोली खाली होती. दीप्ती गेली तेव्हा कुसुमताई जेवत होत्या. ज्वारीची भाकर, वांग्याची भाजी, कांदा. चवीनं, सावकाश.

"बस वं पोरी. भाकर खातं?"

"नको काकू. तुम्ही जेवा." दीप्ती खुर्चीवर टेकली. "काकांना जाऊन तीन दिवस झाले."

"हो नं वं. गुरुवार, शुक्कर, आज शनवार."

दीप्तीनं त्यांच्याकडं निरखून पाहिलं. मागल्या वर्षीच्या चौकशीत शेजारणीनं सांगितलेलं तिला आठवलं, नवरा बाजारातून यायला उशीर झाला तर कुसुमबाई पाण्याचा घोट घेत नाही. आणि आज टॉवेलवर रक्त असताना ही बाई दुसरी भाकर मोडते आहे!

"काकांचं सामान काय काय गेलं, सांगता येईल?"

"जुन्या चपला गेल्या. जुना पायजमा. आन् चष्मा."

"चष्मा तर वर टेबलावर आहे."

"तो लांबचा. टीव्ही पाहाचा. जवळचा घेऊन गेले."

दीप्तीनं वहीत लिहिलं आणि पुढचा प्रश्न विचारायला तोंड उघडलं, पण प्रश्न तोंडातच राहिला. तिनं एक पट्टी सोबत आणली होती, ती पुढ्यात ठेवलेली. कुसुमताईंनी हात पुसून ती उचलली आणि बोलता बोलता डाव्या हाताच्या बोटाभोवती गुंडाळली. खालून वर, वेढ्यावर वेढा, घट्ट. बोटाच्या मध्यावर तुरीच्या दाण्याएवढी जागा उघडी सोडली, वरून पुन्हा दोन वेढे दिले, टोक आत खोचलं. सगळं न पाहता. वेणी घालताना बायका पाहत नाहीत, तसं.

"काय करून राहिल्या काकू?"

कुसुमताई दचकल्या. पट्टी झटकन ओढून काढली. "काही नाही वं. चाळा आपला."

त्यांच्या मागं खिडकीत एक जुनी बादली होती. बादलीत हातभर उंचीचं काटेरी रोप. गेटबाहेर फेकलेल्यातलं कोणीतरी एक परत आणलं होतं तर! दीप्ती उठून जवळ गेली. रोपाच्या खोडाला, जमिनीपासून वीतभर वर, निळी-पांढरी पट्टी गुंडाळलेली होती. खालून वर, वेढ्यावर वेढा. मधे तुरीच्या दाण्याएवढी जागा उघडी, आणि त्या उघड्या जागेतून हिरवा डोळा बाहेर पाहत होता.

तिनं रोपाला हात लावला आणि "आई गं!" म्हणून मागं घेतला. बोटावर रक्ताचा टपोरा थेंब आला होता. तिनं तो रुमालाला पुसला. रुमालावर ठिपका उमटला, लहान, गोल, तपकिरी लाल.

दीप्ती त्या ठिपक्याकडं पाहतच राहिली.

४

"काकू," ती वळून म्हणाली, "दार लावते मी. आणि आता मी बोलते, तुम्ही ऐका."

कुसुमताईंनी ताट बाजूला सारलं.

"माणूस कापला तर टॉवेलावर डाग पडतो, ठिपके पडत नाहीत. ते ठिपके काट्यांचे. काका टेरेसवर ही रोपं सांभाळत होते आणि हात टॉवेलाला पुसत होते. पट्ट्या दुधाच्या पिशव्या कापून केलेल्या आहेत, निळी छपाई अजून दिसते त्यांच्यावर. त्या माणूस बांधायच्या नाहीत, डोळा बांधायच्या आहेत. संत्र्याचं कलम असंच बांधतात ना? या काटेरी रोपावर संत्र्याचा डोळा, म्हणजे कोंब, बसवतात आणि पट्टी गुंडाळतात."

"जंबेरी म्हणते त्याले," कुसुमताई हळूच बोलल्या.

"अंगठी, गोफ, घड्याळ काकांनी स्वतःच काढून ठेवलं, कारण ते कामात अडकतं. आणि चष्मा! पळवून नेणारा कोणाला 'थांबा, चष्मा घ्या' म्हणत नाही. शिवाय काकांना वाचता येत नाही. न वाचणाऱ्या माणसाला जवळचा चष्मा लागतो तो बारीक कामाला. काका कुठंतरी कलमं बांधायला गेलेत. आणि तुम्हाला पहिल्या दिवसापासून ठाऊक आहे, म्हणून तुमच्या घशाखाली भाकर उतरते."

कुसुमताईंनी पट्टी मांडीवर सरळ केली. मग म्हणाल्या, "अख्ख्या तालुक्यात याइच्यासारखा डोळा बांधणारा नव्हता. हजारात नऊशे लागत. मी पट्ट्या कापून द्यो, हे बांधत."

"मग पोरांना पट्टी कशी ओळखता आली नाही?"

"त्याइले मातीत हात घालू देला कुठं आम्ही? शिका म्हटलं, शहरात राहा म्हटलं. शिकले." त्यांनी पदर सारखा केला. "बुधवारी हे खाली आले. म्हणे, कुसुम, मी रुपरावच्या नर्सरीत जातो, काटोल रोडले. मी म्हटलं, पोट्टे शोधत येतील. म्हणे, ते माहा अंगठा शोधत येतील. मी म्हटलं, लावा पैज! एक तरी पोट्टं येईन आन् म्हणन, माय, बाबाले इथं करमत नसंल, म्हणून गेले असतीन."

"तुम्ही टॉवेल पाहिला होता? पोरं काय समजून बसली ते कळलं नाही तुम्हाला?"

"रक्ताचं मले कोणी सांगतलंच नाही वं. मायचं ब्लडप्रेशर वाढन म्हणून वरच ठेवलं. मी दाराकडे पाहून राहिली तीन दिवसांची. येते कोणी, म्हणते कोणी." त्या एकदम थांबल्या आणि दीप्तीचा हात धरला. "तुले काही म्हणलं का त्याइनं? तसं काही?"

दीप्तीच्या पर्समध्ये तीन चिठ्ठ्या होत्या.

"आधी काकांना पाहून येते," ती म्हणाली.

"जाऊनच राहिली तर डबा नेजो."

५

रुपरावची नर्सरी म्हणजे हिरव्या जाळीखाली जंबेरीच्या रांगाच रांगा. मधल्या रांगेत चार म्हातारे उकिडवे बसून काम करत होते. डोक्याला दुपट्टे, नाकावर चष्मे, तोंडं अखंड चालू. तिसरे नत्थूजी होते.

इतकं सगळं जुळवून आली होती, तरी त्यांना जिवंत, हसताना पाहून दीप्ती जाळीच्या तोंडाशीच थांबली. रक्ताचा टॉवेल कालपासून डोळ्यांपुढून हलला नव्हता तिच्या.

"यांना मजुरीवर ठेवलं तुम्ही?" तिनं रुपरावला विचारलं. रुपराव साठीचा, मळक्या बनियनमधला.

"मी काय ठेवतो मॅडम, तेच येऊन बसले!" रुपरावनं कपाळाला हात लावला. "तो पहिला वामनराव, रस्त्यात बारा एकर गेलं त्याचं. दुसऱ्याचं नऊ. चौथ्याचा पोरगा मोठ्या गाडीनं सोडून जाते, वापस न्याले येते. या रांगेत सगळ्यात गरीब कोण म्हणसान, तर मी! आन् मीच त्याइले चहा पाजून राहिलो."

दीप्तीला हसूही आलं आणि कसंतरीही झालं. चार कोट्यधीश मातीत बसून रोजावर डोळे बांधताहेत, आणि घरी त्यांच्या खुनाच्या गोष्टी!

नत्थूजींनी डबा ओळखला. उठून बांधावर आले, हात पायजम्याला पुसले. मनगटापर्यंत काट्यांचे ओरखडे होते.

"कुसुमनं सांगतलं वाटते."

"नाही काका. चष्म्यानं सांगितलं." तिनं सगळं सांगितलं. टॉवेल, पट्ट्या, सगळं. ते डोळे फाडून ऐकत राहिले.

"बाप्पा बाप्पा! मले बांधून नेलं म्हणे? त्या दुधाच्या पिशव्यानं?" ते हसायला लागले, मग हसू आपोआप थांबलं. "घाबरले असतीन पोट्टे."

"घाबरले. तुम्ही सांगून का नाही गेलात?"

"सांगतलं असतं तर जाऊ देलं असतं का? त्या घरात मले कोणी पाण्याचा गिलास उचलू देत नाही. बसा बाबा, बसा बाबा. दोन वर्षं झाली, बसूनच राहिलो." त्यांनी डबा मांडीवर घेतला. "पैशाले नावं नाही ठेवत मी. पैशानं कुसुमचे गुडघे झाले, ती आता रडत नाही रात्रीची. माया डोळ्याचा मोतीबिंदू निघाला. लई झालं. पण सकाळी उठून कराचं काय, हे काही त्या सहा कोटीत आलं नाही. कुंड्या होत्या, त्याही गेल्या."

डबा त्यांनी उघडलाच नाही. दीप्तीच्या पर्सकडं बोट केलं.

"चौकशी करतं नं तू? त्या वक्ती अंकितच्या स्थळाले चिठ्ठ्या लिहून घेतल्या होत्या. आताही घेतल्या असशीन. काढ."

६

तिनं काढल्या नसत्या तर बरं झालं असतं. पण माणूस बाप होता आणि विचारत होता. नत्थूजींनी जवळचा चष्मा नीट केला आणि तिन्ही चिठ्ठ्या मांडीवर पसरल्या. त्यांना वाचता येत नाही, याचा दीप्तीला त्या क्षणी आधार वाटला.

"वाच."

बारा वर्षांत तिनं खोटं सांगितलं नव्हतं. लोकांची ठरलेली लग्नं मोडताना जीभ अडखळली नव्हती. आता तिनं पहिल्या चिठ्ठीवर बोट ठेवलं.

"हा जितेंद्र," ती म्हणाली. "त्यानं लिहिलंय, बाबांना इथं करमत नसेल म्हणून गेले असतील. हा अंकित. तोही तेच म्हणतो, बाबा नाराज होऊन गेले. आणि सोनिकानं लिहिलंय, बाबांना गावाची आठवण येत होती."

नत्थूजींनी पहिली चिठ्ठी उचलली. डोळ्यांजवळ नेली. दुसरी उचलली. तिसरी.

"पोरी," ते अगदी सावकाश म्हणाले, "मले अक्षर येत नाही, पण मोजता येते. तू एवढं लांब बोलली. इथं एकेकच शब्द आहे."

दीप्तीनं खाली पाहिलं.

"एका शब्दात काय मावते? नावच मावते."

जाळीबाहेर वामनराव कोणाला तरी जोरात हाक मारत होता. नत्थूजींनी विचारलं नाही कोणाचं नाव, कोणी लिहिलं. चिठ्ठ्या घडीवर घडी घालून तिच्या हातात परत दिल्या आणि चष्मा काढून दुपट्ट्यानं पुसत बसले. बराच वेळ पुसला.

"जाळून टाकजो," ते म्हणाले. "पोट्ट्याइले म्हणजो, बुढा रामटेकले गेला होता देवदर्शनाले, उद्या येते घरी. मले हे समजलं म्हणून सांगू नको. शरमतीन. आपसात तोंड दाखवता येणार नाही त्याइले."

"आणि सोमवारची रजिस्ट्री?"

"येतो नं मी. अंगठा तेवढा इथंच ठेवून येतो." पहिल्यांदा त्यांच्या आवाजात धार आली. "ते दोन एकर नाही विकत. तिथं कलमं लावीन."

ते रांगेकडं निघाले, चार पावलं जाऊन परत आले.

"आन् कुसुमले सांगजो, पैज तू जिंकली. म्हणजो, जितेंद्रच म्हणे. बाबाले करमत नव्हतं म्हणे."

दीप्ती संध्याकाळच्या आत प्रतापनगरला पोचली. दिवाणखान्यात तिघं तीन कोपऱ्यांत बसली होती. बाबा सुखरूप आहेत, रामटेकला गेले होते, ती म्हणाली. सोनिका हमसून रडली. अंकित "थँक गॉड, थँक गॉड" म्हणत राहिला. जितेंद्रनं दोन्ही हातांनी तोंड झाकलं. मग तिघांनाही एकदमच आपापली चिठ्ठी आठवली असावी, कारण तिघांनीही दीप्तीच्या पर्सकडं पाहिलं. एकमेकांकडं कोणी पाहिलं नाही.

ती आतल्या खोलीत गेली. कुसुमताई खिडकीशी बादलीतल्या रोपाला पाणी घालत होत्या.

"काकू, तुम्ही पैज जिंकल्या," दीप्ती म्हणाली. "जितेंद्रच म्हणाला मला, बाबांना इथं करमत नव्हतं म्हणून गेले असतील."

"खरंच?" कुसुमताईंच्या हातातला तांब्या थांबला. "जितू म्हणे? आपल्या तोंडानं म्हणे?"

"हो काकू. आपल्या तोंडानं."

कुसुमताई पलंगावर बसल्या, पदर तोंडाला लावला आणि तीन दिवसांत पहिल्यांदा रडल्या. दीप्ती त्यांच्याजवळ बसून राहिली. या चौकशीचा अहवाल तिनं कधी लिहिला नाही.